उस्मानाबादी शेळीची वाढती लोकप्रियता आणि पैदाशीच्या बोकडाचा प्रश्न

मांसाकरिता जोपासल्या जाणाऱ्या देशी जनावरांमध्ये मराठवाड्यात पहिला मान उस्मानाबादी शेळीकडे जातो. काही वर्षांपूर्वीपर्यंत ही शेळी म्हणजे भूमिहीन मजुराच्या दारात बांधलेले, अडीअडचणीला मोडता येणारे जनावर, एवढीच तिची ओळख होती. आता चांगल्या बागाइतदाराच्या वाड्यातही तिचा कळप दिसतो, आणि शिकलेले तरुणही शेळीपालनाची चौकशी करीत पशुवैद्यकीय दवाखान्यात येतात. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्यांची संख्या सुमारे ८४ लाख होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती सुमारे १ कोटी ६ लाखांवर गेली. या वाढीत सर्वच जातींच्या व विनाजातीच्या शेळ्या आल्या. तथापि मराठवाड्यापुरते बोलावयाचे झाल्यास नव्याने शेळ्या घेणाऱ्याच्या तोंडी पहिले नाव उस्मानाबादीचेच असते.

परदेशांत मांसाकरिता गाईबैलांच्या स्वतंत्र जाती पाळण्याची प्रथा आहे. विशेष असे की, त्यांतील काहींचे मूळ आपल्याच देशात आहे. ब्राझीलमध्ये मांसोत्पादनात अग्रेसर असलेली नेलोर ही जात आंध्र किनाऱ्यावरील ओंगोल जनावरांपासून निपजली आणि तिला नावही तेथील नेल्लोरवरून मिळाले. आपल्याकडे मात्र गोवंशाचे स्थान निराळे आहे. मराठवाड्यातील लाल कंधारी व देवणी या जाती ओढकाम व दुधाकरिता पाळल्या गेल्या. आणि महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीस असलेली बंदी २०१५ साली अंमलात आलेल्या दुरुस्तीने वळू व बैल यांनाही लागू झाली. तेव्हा लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने मांसोत्पादनाचा विचार मुख्यतः शेळी-मेंढीपाशीच येऊन थांबतो. भोकरदन तालुक्यात तर तो शेळीचाच विचार होय.

जातीची ओळख

या शेळीचे मूळ स्थान पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील लातूर, तुळजापूर व उदगीर हा भाग समजला जातो. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला आणि २०२३ साली उस्मानाबादचे नाव धाराशिव झाले. जातीचे नाव मात्र पूर्वीचेच राहिले आहे. संगमनेरी, कोकण कन्याळ व बेरारी यांप्रमाणे उस्मानाबादी हीदेखील महाराष्ट्रातील नोंदणीकृत शेळ्यांची जात आहे.

बहुसंख्य शेळ्या काळ्या असतात. काही पांढऱ्या, तपकिरी किंवा ठिपक्यांच्याही आढळतात. बोकडांना बहुधा शिंगे असतात, शेळ्या मात्र शिंगी व बोडक्या अशा दोन्ही प्रकारच्या असतात. पूर्ण वाढलेल्या बोकडाचे वजन सरासरीने ३४ किलोच्या व शेळीचे ३२ किलोच्या आसपास भरते. उत्तम निगा असल्यास ते याहून बरेच अधिक जाते. कापल्यानंतर जिवंत वजनाच्या सुमारे ४५ टक्के किंवा त्याहून थोडे अधिक मांस मिळते. गाभण काळ पाच महिन्यांचा, व्यवस्था नीट असेल तर दोन वर्षांत तीन वेत, आणि जुळी करडे देण्याची प्रवृत्ती हे तिचे खरे भांडवल होय. दूध दिवसाला अर्धा ते दीड लिटर, म्हणजे करडे पोसून घरच्या चहापुरते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. भोकरदन हा तालुका या जातीच्या मूळ प्रदेशापासून दूर, अजिंठ्याच्या डोंगररांगेकडील बाजूस आहे. येथील कळपांत काळ्या शेळ्या भरपूर दिसतात. परंतु काळी दिसली म्हणजे ती उस्मानाबादी, असे मानणे चुकीचे आहे. पुष्कळशा शेळ्या गावरान असून त्यांत कमीअधिक मिश्रण झालेले असते. गावरान शेळी टाकाऊ असते असा याचा अर्थ नव्हे. काटक, जुळी देणारी आणि करडे जगविणारी गावरान शेळी विकून नुसत्या नावाची महाग शेळी आणण्यात शहाणपण नाही. घरच्या उत्तम गावरान शेळ्यांवर खात्रीचा उस्मानाबादी बोकड फिरविला, तर दोन-तीन पिढ्यांत कळप पुष्कळ सुधारतो, आणि खर्च एका बोकडाचाच होतो.

मागणी वाढण्याची कारणे

या भागातील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. कापूस, मका, सोयाबीन, तूर, मिरची ही पिके एका वर्षी हात देतात व दुसऱ्या वर्षी हात दाखवितात. १९७२ च्या दुष्काळाची आठवण जुन्या माणसांना आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने पाण्याची व चाऱ्याची जी टंचाई सोसली ती तर सर्वांच्याच स्मरणात आहे. अशा वर्षी बैलजोडी वा म्हैस सांभाळणे अशक्य होते. शेळी मात्र बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, बांधावरची खुरटी झुडपे खाऊन तग धरते, आणि विकावयाची झाल्यास तिला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. मांसाहार करणाऱ्यांत शेळीच्या मांसास धर्माचा वा जातीचा विशेष अटकाव नाही. यात्रा, लग्नकार्य, आखाड आणि बकरी ईद या निमित्तांनी मागणीला भरती येते. ईदच्या आधी मुंबईच्या देवनार येथे भरणाऱ्या बाजारास दूरदूरच्या जिल्ह्यांतून बोकड जातात.

२०२१ मध्ये सुधारित राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या व ५ बोकड यांपासून पुढील पैदास प्रकल्पांना भांडवली अनुदानाची तरतूद करण्यात आली, त्यानेही उत्साह वाढला. हा उत्साह स्वागतार्ह असला तरी एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. ज्याने आयुष्यात पाच शेळ्यांची बाळंतपणे पाहिलेली नाहीत, त्याने शंभर शेळ्यांचा वाडा उभारणे हा व्यवसाय नसून जुगार होय. पाच ते दहा शेळ्यांनी प्रारंभ करावा, दोन पावसाळे काढावेत, आणि घरच्या पाठी वाढवून कळप मोठा करावा, हाच मार्ग सुरक्षित आहे.

चांगला बोकड आधी जातो

लोकप्रियतेबरोबर एक हानीही होत आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. गावात एका हंगामात जन्मलेल्या बोकडांपैकी जो सर्वांत जोमाने वाढतो, त्याच्यावर व्यापाऱ्याची दृष्टी प्रथम जाते. ईदकरिता बोकड एक वर्षाचा पुरा व निर्व्यंग असावा लागतो, म्हणून गिऱ्हाईक दात पाहून घेतो. दुसाती झालेला, भरदार व देखणा बोकड त्या आठवड्यात चढ्या भावाने जातो. मागे उरतो तो खुरटलेला, एखाद्या आजारातून उठलेला, किंवा इतका किरकोळ की ज्यास कोणी भाव दिला नाही असा बोकड. पुढील सहा महिने गावातील शेळ्या माजावर येतात त्या वेळी फळविण्यास तोच हजर असतो!

म्हणजे दरवर्षी उत्तम बी बाजारात जाते आणि निकृष्ट बी पेरले जाते. जोंधळ्याचे टपोरे कणीस विकून पोचट कणीस बियाण्यास ठेवणारा शेतकरी सबंध तालुक्यात सापडणार नाही. शेळीच्या बाबतीत मात्र हेच घडते आणि कोणास त्यात वावगे वाटत नाही. याचे कारण उघड आहे. बियाण्याचे कणीस स्वतःच्या घरात राहते. बोकड मात्र एकाचा आणि शेळ्या साऱ्या गावाच्या, असा प्रकार असल्यामुळे बोकड राखण्याचा तोटा एकट्याच्या माथी येतो व लाभ गावभर वाटला जातो.

हा तोटा वास्तविक किती आहे, हे हिशेब करून पाहण्याजोगे आहे. एका बोकडामागे २५ शेळ्या धरल्या, दोन वर्षांत तीन वेत व दर वेतास सरासरी दीड करडू असे मानले, तर वर्षाला सुमारे ५६ करडे जन्मतात. त्यांतील ५० जगली असे धरावे. चांगल्या बोकडाच्या गुणाने दर करडाचे विक्रीच्या वेळचे वजन अवघ्या एका किलोने वाढले, तरी वर्षाला ५० किलो जिवंत वजन अधिक मिळते. हे वजन त्या बोकडाच्या स्वतःच्या वजनाहून अधिक आहे. म्हणजे ईदला विकून जे मिळाले असते, त्याची भरपाई एका वर्षात होते, व बोकड दुसऱ्या वर्षाकरिता हाती राहतो.

दक्षिण आफ्रिकेतील बोअर शेळीचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तीही मूळची तेथील रानोमाळ चरणारी देशी शेळीच. तेथील शेतकऱ्यांनी भरदार नर विकून न टाकता पैदाशीकरिता राखले, १९५९ साली आपली पैदासकारांची संस्था स्थापन केली आणि वजनांच्या नोंदी ठेवल्या. आज ती जात जगभर मांसाकरिता नावाजली आहे. भारतात फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने ही जात आणून तिचे काम केले. बोअरच्या संकराने करडांची वाढ वेगाने होते, यात संशय नाही. परंतु त्या वाढीस तसाच खुराक लागतो. बांधावरच्या पाल्यावर व हंगामी चराईवर कळप काढणाऱ्याने संकराच्या मागे लागून घरच्या शेळीचा काटकपणा व जुळी देण्याचा गुण गमावू नये. ज्यास बांधून, पुरेसा खुराक घालून, केवळ विक्रीची करडे वाढवावयाची आहेत, त्याने काही शेळ्यांवर संकर करून पाहण्यास हरकत नाही. मात्र त्या संकरित पाठी पैदाशीच्या मूळ कळपात मिसळू नयेत.

पैदाशीचा बोकड कसा निवडावा

निवड डोळ्यांनी न करता वजनाने करावी. जन्मतः, तीन महिन्यांचे, सहा महिन्यांचे व वर्षाचे अशी चार वजने वहीत लिहून ठेवणारा शेतकरी कोणत्याही जाणकारापेक्षा अधिक जाणकार ठरतो. लहान करडू पोत्यात घालून ताणकाट्यास टांगले म्हणजे काम होते. मोठ्या जनावराकरिता काटा नसल्यास फितीचा उपयोग करावा. पुढच्या पायांच्या लगत मागून छातीचा घेर इंचांत घ्यावा. खांद्याच्या पुढील टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचांत घ्यावी. घेरास घेराने गुणून त्यास लांबीने गुणावे व आलेल्या संख्येस ६६० ने भागावे. येईल ते अदमासे किलोतील वजन. उदाहरणार्थ, घेर २७ इंच व लांबी २६ इंच असल्यास २७ × २७ × २६ = १८,९५४; त्यास ६६० ने भागता सुमारे २८.७ किलो येते. बोकड नगावर, म्हणजे नुसत्या नजरेच्या अंदाजाने विकण्याची सवय ज्यांस आहे, त्यांनी ही फीत सौद्यापूर्वी एकदा जरूर लावून पाहावी. व्यापाऱ्याची नजर रोज शंभर बोकड तोलते, शेतकऱ्याची वर्षाकाठी चार.

वजनांची तुलना करताना तारतम्य ठेवले पाहिजे. एकट्याने आईचे सारे दूध प्यालेले करडू तीन महिन्यांत १० किलोचे झाले आणि जुळ्यांतील करडू ९ किलोचे झाले, तर पैदाशीकरिता बहुधा दुसरेच अधिक चांगले समजावे. कारण अर्ध्या दुधावर ते एवढे वाढले, शिवाय जुळ्यांचा गुण त्याच्या रक्तात आहे. तसेच भर पावसाळ्यात पाला मुबलक असताना वाढलेल्या करडाची तुलना उन्हाळ्यात वाढलेल्याशी करू नये. एकाच महिन्यात जन्मलेली करडे एकमेकांशी ताडून पाहावीत.

वजनाखेरीज आईचा इतिहास पाहावा: वेळेवर गाभण राहते काय, करडे जगविते काय, कास सारखी व दुधाळ आहे काय. बोकडाचे पाय सरळ, छाती रुंद, जबडे एकमेकांवर बरोबर बसणारे व दोन्ही वृषणे सारख्या आकाराची असावीत. पैदाशीकरिता शिंगी बोकड घ्यावा. युरोपातील शेळ्यांवरील संशोधनात असे आढळले की, बोडक्या नराचा संयोग बोडक्या मादीशी झाल्यास काही करडे धड मादी ना नर अशी, प्रजननास निरुपयोगी निपजतात. आपल्याकडे शेळ्यांत बोडक्यांचे प्रमाण बरेच असल्यामुळे बोकड शिंगी असलेला बरा, आणि ही सावधगिरी फुकटची आहे.

निवडलेला बोकड वर्षाचा झाल्यावर हळूहळू कामास घ्यावा. एका बोकडामागे २० ते ३० शेळ्या पुरेत. त्याच्यापासून झालेल्या पाठी आठ-दहा महिन्यांत माजावर येऊ लागतात. म्हणून दीड ते दोन वर्षांनी तो दुसऱ्या गावच्या चांगल्या बोकडाशी बदलावा. बाप-लेकीच्या संयोगाने करडे कमजोर होतात व मरतूक वाढते. न निवडलेल्या बोकडांचे दोन-तीन महिन्यांच्या वयातच पशुवैद्यकाकडून खच्चीकरण करून घ्यावे, अथवा ते निराळे बांधावेत. निवडलेला एक बोकड वाड्यात आणि न निवडलेले चार रानात मोकळे, अशी स्थिती असेल तर निवडीचा काही उपयोग नाही.

गावपातळीवर काम करणाऱ्यांनी या बाबतीत पुढाकार घेतल्यास बोकडाचा एकट्यावर पडणारा भार वाटून घेता येतो. चार-पाच शेळीपालक एकत्र आले आणि त्यांनी वर्गणीने एक बोकड राखला, तर प्रत्येकाचा खर्च नाममात्र होतो. बोकड कोणाकडे राहील, त्याचा खुराक कोण देईल, परक्या शेळीस फळविण्याचा आकार किती घ्यावयाचा, आणि दोन वर्षांनी विक्रीची रक्कम कशी वाटावयाची, हे आरंभीच कागदावर लिहून घ्यावे. महिलांच्या बचत गटांना हे काम विशेष साधण्यासारखे आहे, कारण घरोघरी शेळ्यांची खरी निगा स्त्रियाच राखतात व कोणती शेळी कोणत्या आठवड्यात माजावर आली हे त्यांनाच ठाऊक असते. अर्धलीने दिलेल्या शेळ्यांच्या बाबतीत मात्र बोकडाच्या वर्गणीचा वाटा मालकाचा की सांभाळणाऱ्याचा, यावरून पुढे तंटे होतात; तेही आधीच ठरवावे.

करडे जगविणे

बोकड कितीही उत्तम असला तरी करडे मेल्यास सर्व व्यर्थ. जन्मल्यानंतर एका तासाच्या आत करडास चीक मिळालाच पाहिजे. वार पडेपर्यंत पाजू नये ही समजूत अद्याप कित्येक घरांत आहे. ती सोडून द्यावी. नाळ कापून तीस टिंक्चर आयोडीन लावावे. जमीन कोरडी व वारा आडवलेला असावा. मोठ्या शेळीस छपराखाली सुमारे १० चौरस फूट व मोकळ्या वाड्यात त्याच्या दुप्पट जागा पुरते.

आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. पहिल्यांदाच टोचत असल्यास पंधरा दिवसांनी दुसरी मात्रा द्यावी. पहिल्या पावसानंतर कोवळे गवत भरमसाट खाल्ल्याने, रात्री धडधाकट दिसलेले करडू सकाळी मेलेले आढळते, तो बहुधा हाच रोग होय. आणि दुर्दैवाने कळपातील सर्वांत खादाड, म्हणजेच सर्वांत जोमदार करडू त्यात प्रथम दगावते. पीपीआर या रोगाची लस एकदा टोचली म्हणजे सुमारे तीन वर्षे संरक्षण देते. घटसर्प व लाळ-खुरकूत यांच्या लसी, तसेच पावसाळ्याच्या आधी व नंतर जंतनाशक, पशुधन पर्यवेक्षकाच्या सल्ल्याने द्यावीत.

भोकरदन भागात दोन धोके विशेष आहेत. पहिला मक्याचा. मका काढणीच्या दिवसांत खळ्यावर मोकळी सुटलेली शेळी पोटभर दाणे खाते. पोटात आम्ल वाढते, शेळी सुस्त पडते, दात खाते, हगवण लागते आणि एक-दोन दिवसांत मरते. खळ्यास कुंपण हाच यावर उपाय आहे. असे घडल्यास पाणी पाजण्याची घाई न करता पशुवैद्यकास तातडीने बोलवावे. खुराकात मका द्यावयाचा तर भरडून, थोडाथोडा वाढवीत आणि पेंड व कोंड्याबरोबर द्यावा. बुरशी आलेली कणसे मुळीच घालू नयेत. दुसरा धोका औषध फवारलेल्या कपाशीचा व मिरचीचा. वेचणी संपल्यावर पऱ्हाटीत शेळ्या सोडण्याची जुनी वहिवाट आहे. त्यापूर्वी शेवटची फवारणी केव्हा व कशाची झाली, हे शेतमालकास विचारून घ्यावे.

बाकी चाऱ्याची अडचण या भागात सोडविता येण्याजोगी आहे. तुरीचे व सोयाबीनचे भुसकट साठवून ठेवावे. विहिरीच्या पाटाकडेने शेवरी, सुबाभूळ व दशरथ घास लावावा. मोठ्या शेळीस दिवसाला तीन-चार किलो हिरवा पाला, पाऊण ते एक किलो वाळला चारा व २०० ते २५० ग्रॅम खुराक मिळाल्यास ती वेताचे वेळापत्रक पाळते. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यात खुराक तोडला तर करडे जन्मतःच हलकी येतात, आणि हलके करडू पुढे कितीही खाऊ घातले तरी मागेच राहते.

खात्रीचे जनावर मिळविण्याकरिता पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रांकडे चौकशी करावी. भोकरदनकरांस छत्रपती संभाजीनगरजवळील पडेगाव सोईचे आहे. प्रशिक्षणाकरिता जालन्याजवळील खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राकडे विचारणा करता येईल. जनावर कोठूनही आणले तरी कानातील बारा अंकी बिल्ल्याचा क्रमांक वहीत उतरवून घ्यावा, आईचे व जुळ्यांचे वजन विचारावे, आणि घरी आणल्यावर तीन आठवडे ते कळपापासून दूर बांधावे. ही खरेदी ईदच्या आधीच्या महिन्यात करू नये. त्या दिवसांत भाव चढलेला असतो आणि चांगला बोकड बहुधा आधीच गाडीत बसून गेलेला असतो. ईद उलटून महिनाभर झाल्यावर, भाव उतरलेले असताना, वजनाची वही व फीत बरोबर घेऊन जावे.